पाठीमागे लावलेला बेल्ट

गोदामात तिला सगळे बेल्टबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', आणि पाठ वळली की बेल्टबाई. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईट वाटून घेणं तिने कधीच सोडून दिलं होतं. फोर्कलिफ्ट चालवायला शिकवणाऱ्या बाईला याहून वाईट नाव पडू शकलं असतं. नावाचा तिला वैताग नव्हता. वैताग होता तो खुद्द बेल्टचा.

सीटचा बेल्ट लावल्याशिवाय मशीन जागचं हलू नये, अशी सोय ते बनवणाऱ्यांनी करून ठेवली होती. खटका बसला नाही की मशीन नुसतं पीं पीं करत राहायचं. यावर गोदामातल्या मंडळींनी जो तोडगा काढला होता, त्याला तोड नव्हती. रिकाम्या सीटवर बेल्ट आधीच लावून टाकायचा आणि मग त्याच्यावर ऐसपैस बसायचं. मशीनला वाटतं माणूस बांधला गेला, माणसाला वाटतं आपण सुटलो. सकाळी पाळी सुरू होताना ती रॅकांमधल्या वाटांतून फिरायची, तेव्हा ज्याच्या त्याच्या पाठीमागे तो काळा पट्टा इमानेइतबारे लावलेला असायचा.

"सीट पळून जाते का हो तुमची? तिला बांधून ठेवलंय म्हणून विचारते."

"बाई, दिवसातून शंभरदा चढायचं-उतरायचं असतं."

"मग शंभरदा लावायचा."

"बरं बाई."

आणि ती दोन रॅक पुढे गेली की मागे खट् करून खटका निघाल्याचा आवाज. तो आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता.

शिकवायची खोली गोदामाच्या एका टोकाला होती, पत्र्याच्या भिंतींची. बाहेरून भरलेलं मशीन गेलं की आतला फळा थरथरायचा. नव्या तुकडीला ती सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगायची, आणि दर वेळी लोकांना तीच सगळ्यात विनोदी वाटायची.

"मशीन उलटायला लागलं तर उडी मारायची नाही. बसून राहायचं. स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, आणि मशीन ज्या बाजूला पडतंय त्याच्या उलट बाजूला झुकायचं."

"म्हणजे मशीन आडवं होतंय आणि मी आपला पाहुण्यासारखा बसून राहू?"

"हो."

"आणि मारली उडी तर?"

"तर तुम्ही जिथे पडाल तिथेच डोक्यावरचा हा लोखंडी सांगाडा येऊन पडेल. उडी मारायची बुद्धी होतेच, कोणालाही. बेल्ट त्या बुद्धीला धरून ठेवतो."

"बुद्धीला धरून ठेवत असेल तर सुपरवायझरला दोन द्या बाई."

खोली हसली. मागच्या बाकावर एक माणूस मात्र हाताची घडी घालून, समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. तो हसला नाही. तो तिचा थोरला दीर होता, आणि त्या महिन्यात तिच्या डोक्याला लागलेल्या तापाचं मूळही तोच होता.

गोदामात त्याला ओळंबा म्हणत. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला लावून सोडतात तो ओळंबा. याने रचलेली मालाच्या लाकडी पॅलेटची चळत खालपासून वरपर्यंत तशी सरळ असायची, म्हणून ते नाव. चालणंही तसंच, काठी गिळल्यासारखं. मागून हाक मारली तर हा नुसतं वळून बघत नसे. आधी थांबायचा, मग पायांसकट अख्खा फिरून समोर उभा राहायचा. नव्या पोरांना तो रुबाब वाटे. जुने म्हणत, माणूस कामात तसा आहे, चालायचंच.

आणि तिला मशीनवर बसवलं होतं ते यानेच. लग्नानंतर ती गोदामाच्या पॅकिंगच्या टेबलावर लागली होती. दिवसभर खोके चिकटवायचे, संध्याकाळी बोटं एकमेकांना चिकटायची. मशीनवर बाया का नाहीत, असं तिने एकदा घरात जेवताना सहज विचारलं. सासरे हसले. नवऱ्याने ताटात डोकं घातलं. दीर म्हणाला, "नाहीत, कारण कोणी मागितलं नाही." पुढच्या सुट्टीच्या दिवशी मागच्या रिकाम्या आवारात त्याने तिला सीटवर बसवलं आणि स्वतः बाजूला चालत राहिला. "पुढे बघून मोटार चालवतात. हे मशीन मागून वळतं. चाकं मागची फिरतात, म्हणून शेपूट बाहेर जातं. शेपटावर लक्ष ठेव." तिने त्या दिवशी आवाराच्या भिंतीचा कोपरा उडवला. त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच सिमेंट आणून तो लिंपला आणि विषय कुठे काढला नाही.

पुढे कंपनीने तिला शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. ती परत आली ती 'बाई' होऊन. दीर घरात तिला 'मास्तरीण' म्हणायला लागला, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे तिने कधी मोजलं नाही.

आता नव्या विमा कंपनीने अट घातली होती. जुने असोत की नवे, सगळ्या ऑपरेटरांनी पुन्हा शिकायचं, पुन्हा परीक्षा द्यायची, आणि महिनाअखेर ज्याच्या गळ्यात कार्ड नाही त्याने मशीनला हात लावायचा नाही. बाकीचे कुरकुरत का होईना, एकेक करून पास झाले. राहिला ओळंबा. त्याला कार्ड मिळालं नाही तर निवृत्तीपर्यंतची उरलेली वर्षं खोके चिकटवण्यात जाणार होती, आणि ते कार्ड द्यायचं की नाही हे ठरवणार होती त्याची धाकटी भावजय.

पहिल्या परीक्षेला तो आला तोच बेल्ट पाठीमागे लावून. लपवलंही नाही.

"भाऊजी, बेल्ट."

"लावलाय की."

"सीटला लावलाय."

"मशीनची तक्रार आहे का? नाही ना? मग तुझी का?"

सगळं काम त्याने असं केलं की बघत राहावं. सर्वांत वरच्या कप्प्यात माल ठेवताना मशीनचे माल उचलायचे काटे बाहेर आले ते सुईतून दोरा यावा तसे. मागे घेताना मात्र तो सीटवरून अर्धा उठायचा, एका मांडीवर येऊन सगळं अंग फिरवायचा आणि तसाच तिरपा बसून मशीन मागे आणायचा. जुनी खोड, तिच्या मनात आलं. तिने त्याला नापास केलं. कारणाच्या जागी लिहिलं: बेल्ट.

घर दोन मजली होतं. खाली थोरले, वर धाकटे, मधे बाहेरून लोखंडी जिना. त्या संध्याकाळी जाऊबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या होत्या, वर जायची वाट अडवून.

"नापास केलंस म्हणे."

"बेल्ट लावला नव्हता त्यांनी, वहिनी."

"त्यांनी तुला शिकवलं तेव्हा कुठे होता पट्टा?"

"तेव्हा त्या मशीनला पट्टाच नव्हता."

"बघ. मग काय झालं तुला? चांगली धडधाकट उभी आहेस माझ्यापुढे."

याला काय उत्तर द्यायचं असतं हे प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. वर नवरा कोणाच्या तरी फ्रिजची मोटर उघडून बसला होता. तिने त्याच्यापुढे सगळं ओतलं. त्याने स्क्रू ड्रायव्हर कानामागे खोचला.

"हे बघ, खाली दादा, वर तू. मला मधे ओढू नका. मी जिन्यावर राहायला जातो."

"तुम्ही त्यांना एवढं तरी विचारा, की एक पट्टा लावायला होतंय काय?"

"विचारलं. म्हणाला, बायकोला सांग, बांधून ठेवायला मी म्हैस नाही."

मग पुढचे सगळे दिवस हेच. ती समजावून सांगायची, तो ऐकून घ्यायचा, आणि सकाळी पट्टा पाठीमागे. तिने त्याला उलटलेल्या मशीनचे फोटो दाखवले; तो म्हणाला, फोटो छान काढलेत. तिने विनवलं, तो म्हणाला, मास्तरणीने विनवायचं नसतं. एकदा तिने चिडून त्याच्या मशीनची किल्लीच काढून घेतली, तर हा मशीनवर तसाच बसून राहिला, समोर बघत, जेवणाची सुट्टी होईपर्यंत. मालाची गाडी बाहेर खोळंबली. व्यवस्थापक धावत आले.

"बाई, माल तुंबलाय माझा. पास करून टाका ना. याच्या हातून आजवर एक खोका फुटला नाही."

"खोक्यांसाठी नाही बेल्ट, साहेब."

"घरचं भांडण गोदामात आणू नका एवढंच म्हणतो."

यावर ती एवढी संतापली की तिला हसूच आलं. तिने किल्ली परत दिली. दुसऱ्या परीक्षेचा दिवस सांगितला, आणि तिसरी होणार नाही हेही.

त्या दिवशी सकाळी ऊन वरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यांतून खाली उतरून जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यांवर पडलं होतं. धूळ त्यात सावकाश फिरत होती. दीर आला, मशीनला एक फेरी मारली, चाकं बघितली, काटे बघितले, चढला. बसला. आणि बेल्ट पोटावरून ओढून घेऊन खटका लावला.

तिने श्वास सोडला. इतके दिवस छातीवर ठेवलेलं एक पॅलेट कोणीतरी उचलून नेल्यासारखं झालं. बस, एवढंच तर हवं होतं. एवढ्यासाठी घरातलं बोलणं बंद झालं होतं.

तो निघाला. काटे जमिनीलगत, वळणावर हॉर्न, उतारावर माल चढाच्या बाजूला. एक बोट ठेवायला जागा नाही. टोकाच्या अरुंद वाटेत शिरून तो वरच्या कप्प्यात माल ठेवू लागला, तेव्हा तिने झाडू मारणाऱ्या मावशींची बादली उचलून मशीनच्या मागे, वाटेच्या मधोमध ठेवली. ही परीक्षा सगळ्यांनाच होती. मशीन मागे घेण्याआधी माणूस वळून बघतो, बादली दिसते, थांबतो, ओरडतो, 'मावशी, बादली उचला'. आजवर एकही जण यात चुकला नव्हता. म्हणून तर तिला त्याची काळजी वाटली नाही.

त्याने काटे बाहेर काढले, खाली घेतले. हॉर्न दिला. दोनदा. आणि मशीन मागे घेतलं. सरळ, शांत, रेष ओढावी तसं. बादलीवरून.

प्लॅस्टिक फुटल्याचा आवाज छतापर्यंत गेला. पाणी पिवळ्या पट्टीवरून वाहत रॅकच्या पायाशी गेलं.

"नवी होती," मावशी म्हणाल्या. "मागून मागून परवाच मिळाली होती. तुम्हाला परीक्षा घ्यायला दर वेळी माझीच बादली कशी काय सापडते, बाई?"

तिने दिराकडे बघितलं. तो मशीनवर तसाच बसला होता. त्याने वळून बघितलं नव्हतं. आवाज झाल्यावरही नाही. हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

ती मशीनच्या मागे, फुटक्या बादलीजवळ जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, माझ्याकडे बघा."

त्याचा हात खटक्याकडे गेला.

"बेल्ट काढायचा नाही. बसल्या जागेवरून बघा."

"कशाला?"

"बघा म्हणते ना."

त्याची हनुवटी जराशी हलली आणि थांबली. डोळे तेवढे कोपऱ्यात गेले. बाजूला उभ्या असलेल्या मावशींना ते डोळे दिसले असतील. तिला दिसत होतं ते नुसतं त्याचं डोकं, सांगाड्याच्या दोन खांबांमधे बसवल्यासारखं स्थिर.

"माझं पेन कोणत्या हातात आहे?"

"उजव्या."

पेन डाव्या हातात होतं.

मग तिला सगळं एकदम उलगडलं. अर्धं उठून एका मांडीवर येणं, सगळं अंग फिरवणं, हाकेला पायांसकट वळणं. बेल्ट लावला की माणूस सीटला बांधला जातो, आणि सीटला बांधलेल्या माणसाला मागे बघायला फक्त मान उरते. याची मानच वळत नव्हती. इतके दिवस ती पट्ट्यावरून घसा कोरडा करत होती, आणि हा माणूस हट्टी, आडमुठा, बाईचं न ऐकणारा अशी सगळी नावं मुकाट्याने घेत होता, कारण त्याला तीच परवडत होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झाले असतील थोडे दिवस."

"थोडे म्हणजे?"

"थोडे म्हणजे थोडे. वर बघून बघून, मागे बघून बघून आखडते. मलम लावतो. हल्ली बरीच वळते."

"पेन डाव्या हातात होतं."

त्याने स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. मग आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ. बेल्ट लिही. पुन्हा विसरला म्हणावं. तिसरी परीक्षा नाही म्हणालीस, तरी विसरणाऱ्याला आणखी एक संधी मिळते, मला माहितेय. मान लिहिलीस तर डॉक्टर, आणि डॉक्टर म्हणजे घरी."

"आणि मागे कोणी असलं तर?"

"हॉर्न दिला होता मी."

"मावशींनी दिवसभर हॉर्न ऐकून हॉर्न ऐकणंच सोडलंय. वाकून बादली उचलत असत्या तर?"

मावशी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मानेने हो म्हटलं, आणि मग काय कबूल केलं हे लक्षात येऊन पदराने तोंड पुसलं.

त्याने बेल्ट काढला. खाली उतरला. अख्खा फिरून तिच्यासमोर उभा राहिला.

"शिकवलं कोणी तुला?"

"तुम्ही."

"मग?"

"मग काय, भाऊजी? शेपटावर लक्ष ठेव, हे कोण म्हणालं होतं?" तिचा आवाज चढला आणि चिरकला. "सांगायचं होतं ना. एका शब्दाने सांगायचं होतं. मी रोज येऊन पट्टा पट्टा करत डोकं फोडून घेत होते तुमच्यापुढे, आणि तुम्ही बघत बसलात."

तिने मान लिहिलं. डॉक्टरांनी तपासेपर्यंत मशीन नको, हेही लिहिलं. तो दाराकडे चालू लागला होता, काठी गिळल्यासारखा. इतकी वर्षं सगळे त्या चालीला रुबाब समजत आले होते.

संध्याकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊबाई होत्याच. तिने तयारी ठेवली होती.

"मान?" जाऊबाई म्हणाल्या. "खरंच मान?"

"हो वहिनी."

"म्हणून उशी फेकली होती यांनी. मी नवी आणली तर तीही फेकली. कूस बदलायला उठून बसतात. मला वाटलं माझ्यावर राग आहे. मी महिनाभर यांच्याशी त्या उशीवरून भांडतेय." त्या दाराकडे वळल्या. "अहो, ऐकलंत का? महिनाभर."

आतून टीव्हीचा आवाज तेवढा वाढला.

"उद्या डॉक्टर," जाऊबाई म्हणाल्या. "आणि तूही चल. मला फसवतील हे, तुला यांची सगळी नाटकं आता पाठ झालीत."

वर नवऱ्याला तिने सांगितलं तेव्हा त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, "परवा गल्लीत मी मागून हाक मारली होती त्याला. मान न वळवता नुसता हात वर केला. मी मनात म्हटलं, असू दे, मोठा माणूस आहे." त्याने फ्रिजचं झाकण बंद केलं आणि खाली भावाकडे गेला. घरातलं बोलणं बंद झाल्यापासून पहिल्यांदाच.

हाडांच्या डॉक्टरांची खोली लहान होती. एक टेबल, एक पलंग, भिंतीवर पाठीच्या कण्याचं चित्र. दिराला त्यांनी एका गोल स्टुलावर बसवलं. जाऊबाई पर्स मांडीवर घट्ट धरून खुर्चीत. ती दाराशी उभी.

"काय होतंय?"

"काही नाही. घरच्यांची हौस."

"कामाचं स्वरूप?"

"मशीन चालवतो. उत्तम चालवतो. हिला विचारा."

डॉक्टर हसले. "बरं, डावीकडे बघा."

दीर डावीकडे वळला. चांगला खिडकीपर्यंत. बाहेरच्या भिंतीवर बसलेलं कबूतर त्याने आरामात बघितलं.

"छान," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं. जाऊबाईंनी गोंधळून तिच्याकडे पाहिलं.

तिने दिराच्या पायांकडे पाहिलं. बुटाचं टोक फरशीवर हळूच दाबलेलं होतं. स्टूल फिरतं होतं.

तिच्या डोक्यात क्षणभर असं काही तडकलं की त्या स्टुलाला लाथ घालावी. पट्टा संपला, बादली संपली, आता स्टूल.

"डॉक्टर, एक मिनिट," ती म्हणाली. पुढे जाऊन तिने मागून स्टुलाची कड दोन्ही हातांनी पकडली आणि गुडघा त्याला टेकवला. "आता विचारा."

"अगं, काय हे," दीर म्हणाला.

"नुसती मान, भाऊजी."

"डावीकडे," डॉक्टर पुन्हा म्हणाले.

हनुवटी खांद्याच्या दिशेने निघाली, अर्ध्या वाटेच्याही आत अडली. गळ्याची शीर वर आली. खिडकी राहिली दूर, टेबलाचा कोपराही त्याला दिसत नव्हता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, उठले आणि त्याच्या मानेवर बोटं फिरवू लागले. एका जागी बोट थांबलं तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो जाऊबाईंनी एवढ्या संसारात ऐकला नव्हता. त्यांनी पर्स खाली ठेवली.

"बराच काळ सहन केलंत," डॉक्टर म्हणाले. "व्यायाम आहे, शेक आहे, सगळं सावकाशीचं काम आहे. किती मोकळी होईल ते आज सांगता येणार नाही. पुरेशी होईल असंही सांगत नाही. तोवर मशीन नाही."

"आणि मघाचं खोटं वळणं खपून गेलं असतं तर?" जाऊबाईंनी विचारलं, डॉक्टरांना की नवऱ्याला ते कळलं नाही.

दीर समोर बघत होता. समोर कण्याचं ते चित्र होतं, एकावर एक रचलेले मणके, वरचे थोडे पुढे कललेले.

"आता उजवीकडे," डॉक्टर म्हणाले.

त्याने गुडघ्यांवर हात ठेवले. पाय फरशीवरून उचलून स्टुलाच्या दांडीवर घेतले. मग, वळण्याआधी, मागे उभ्या असलेल्या तिला, जी त्याला दिसत नव्हती, विचारलं, "धरलंयस ना नीट?"

"धरलंय."